शाळेच्या मैदानावर गवताच्या खेळपट्ट्या : काळी माती की लाल, आणि खाली नेमके काय भरावे?

घोटावडे_फाटा

नमस्कार. पिरंगुट परिसरातील एका शिक्षणसंस्थेच्या क्रीडा समितीवर मी काम करतो. आमच्या मैदानाच्या मध्यभागी सिमेंटची एक विकेट असून तिच्यावर मॅटिंग अंथरून मुले खेळतात. तिथे चेंडू नेहमी एकाच उंचीने आणि एकाच वेगाने येत असल्यामुळे निवड चाचणीसाठी मुले टर्फवर, म्हणजे गवताच्या खेळपट्टीवर, उतरली की पहिल्या काही षटकांतच त्यांचा अंदाज चुकतो, ही आमच्या प्रशिक्षकांची जुनी तक्रार आहे. यंदा विश्वस्तांनी शेजारीशेजारी तीन गवताच्या खेळपट्ट्या करण्यास तत्त्वतः मान्यता दिली असून दिवाळीनंतर काम सुरू करावे, असा विचार आहे.

दोन ठेकेदारांकडून अंदाजपत्रके आली आणि ती वाचून समितीत मतभेदच वाढले. पहिल्याचे म्हणणे असे की तीन फूट खोदून तळाशी विटा, त्यावर खडी, त्यावर वाळू आणि सर्वांत वर सहा इंच लाल माती भरावी, म्हणजे मुंबईसारखी उसळी मिळेल. दुसरा दीड फूट खोदाई करून स्थानिक काळी माती भरणार आहे आणि तिच्यावर तयार लॉनचे गालिचे अंथरून महिन्याभरात मैदान खेळायला देतो म्हणतो. गावातील काही ज्येष्ठांनी तर धरणातला गाळ फुकट मिळत असताना माती विकत का घेता, असा प्रश्न सभेत विचारला आणि त्याचे उत्तर आमच्यापैकी कोणालाच देता आले नाही.

आमच्याकडे पाऊस पुणे शहरापेक्षा पुष्कळ अधिक पडतो. पाणी बोअरचे असून ते जड आहे. मे महिन्यात टँकरशिवाय भागत नाही. मैदानासाठी एकच माळी आहे. या परिस्थितीत कोणती माती घ्यावी, ती किती खोल भरावी, गवत कोणते लावावे आणि काम कोणत्या महिन्यात करावे, याविषयी प्रत्यक्ष अनुभव असलेल्या सदस्यांनी कृपया लिहावे.

रोलरवाला

शहरातील एका क्लबच्या मैदानाची देखभाल मी बरीच वर्षे करीत आहे. त्यामुळे खाली जे लिहितो ते पुण्याच्या हवेपुरते आणि शाळा-क्लबांच्या ऐपतीपुरते समजावे. मोठ्या स्टेडियममधील हाताशी असलेली माणसे, यंत्रे आणि आच्छादने आपल्याकडे नसतात, हे लक्षात ठेवूनच निर्णय घ्यावा लागतो.

चेंडू उसळतो तो दाबून, वाळवून घट्ट केलेल्या चिकणमातीवरून, म्हणून पैशांचा आणि वेळेचा मोठा वाटा मातीवर खर्च व्हायला हवा. मातीतील चिकणकणांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून थोडे अधिक असेल तर ती वाळल्यावर दगडासारखी बांधली जाते. पोयटा (चिकणकणांपेक्षा जाड, वाळूपेक्षा बारीक कण) आणि बारीक वाळू जास्त असेल तर कितीही रोलर फिरवला तरी दोन षटकांत पृष्ठभागाचा भुगा होऊ लागतो. इंग्लंडमध्ये साधारण २५ ते ३० टक्के चिकणकण असलेली माती वापरतात, कारण तिथले ऊन मऊ असते आणि याहून जड माती तिथे सहसा वाळतच नाही. त्यामुळे परदेशी पुस्तकांतील आकडे जसेच्या तसे उचलू नयेत.

लाल की काळी, या वादात लोक चवीने बोलतात. पण तुमच्यापुरता निर्णय मला सोपा वाटतो. लाल मातीवर उसळी अधिक मिळते हे खरे, आणि वानखेडेची खेळपट्टी त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. मात्र तिच्यात ओल कमी टिकते आणि पृष्ठभाग लवकर सुटू लागतो, म्हणजे दोन सामन्यांच्या मध्ये दुरुस्तीला अधिक हात लागतात, आणि तुमच्याकडे माळी एकच आहे. शिवाय ती माती बाहेरून आणावी लागणार. पुढच्या वर्षी दुरुस्तीसाठी तीच माती मिळेल याची हमी ठेकेदार देणार नाही. काळी माती ओल धरून ठेवते, तिच्यावर चेंडू थोडा हळू आणि खाली येतो, पण मुलांना शिकण्यासाठी ती उत्तम आहे आणि पुणे जिल्ह्यात ती हवी तेवढी मिळते. मी काळीच घेईन.

शेतातील माती घेताना नांगराच्या थराखालची घ्यावी. वरच्या थरात शेणखत, मुळे आणि सगळ्यांत वाईट म्हणजे लव्हाळ्याच्या गाठी असतात. एकदा लव्हाळा खेळपट्टीत शिरला की तो उपटून संपत नाही, कारण वरचे पान हातात येते आणि गाठ खाली राहते. चुनखडीचे खडे असलेली माती नाकारावी. माती आणि मुरूम ही गौण खनिजे असल्यामुळे उत्खनन आणि वाहतुकीसाठी तहसील कार्यालयाची परवानगी आणि स्वामित्वधनाची पावती लागते. ती पुरवठादाराकडून कागदावर घ्यावी, नाहीतर रस्त्यात अडवलेल्या गाडीपायी संस्थेचे नाव निष्कारण गुंतते.

मातीची परीक्षा घरीही करता येते. खडे काढलेली माती भिजवून, चांगली मळून तिच्या इंचभर व्यासाच्या गोळ्या कराव्यात आणि सावलीत पूर्ण वाळवाव्यात. नंतर फरशीवर ठेवून प्रौढ माणसाने बुटाच्या टाचेखाली दाबल्यावर गोळी सहज भुगा झाली तर ती माती सोडून द्यावी. धरणातल्या गाळाचे उत्तर तुमच्या गावातील ज्येष्ठांना याच गोळीने देता येईल. गाळ शेतासाठी मोलाचा असतो, पण त्याच्या प्रत्येक खेपेत पोयट्याचे, वाळूचे आणि कुजलेल्या पदार्थांचे प्रमाण वेगळे असते. खेळपट्टीला मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच माती हवी असते.

आता प्रमाण. खेळपट्टी २२ यार्ड लांब, म्हणजे २०.१२ मीटर, आणि १० फूट रुंद, म्हणजे ३.०५ मीटर असते. गोलंदाजांची पावले क्रीजच्या मागेही पडतात, म्हणून माती सुमारे २४ मीटर लांबीपर्यंत भरावी. तीन खेळपट्ट्यांची रुंदी ९.१५ मीटर आणि दाबलेल्या थराची जाडी २० सेंटिमीटर धरली तर साधारण ४४ घनमीटर, म्हणजे साडेपंधरा ब्रास भरीव माती लागते. सुटी माती दबून बसते, त्यामुळे २० ते २१ ब्रास मागवावी आणि त्यावर दोन-तीन ब्रास अधिक घेऊन ती छपराखाली कोरडी साठवावी. पुढील अनेक वर्षे खड्डे भरण्यासाठी आणि वरून पातळ थर देण्यासाठी हीच माती वापरायची आहे. दुसरी माती वरून पसरली की दोन थर एकमेकांत मिसळत नाहीत, वरचा पापुद्रा सुटतो आणि चेंडू कुठे बसेल, कुठे उठेल याचा नेम राहत नाही.

भरण्याच्या कामात ठेकेदारावर डोळे मिटून विसंबू नये. माती वाळवून, फोडून, चाळून घ्यावी. एका वेळी सुमारे पाच सेंटिमीटर सुटी माती पसरून ती ओलसर अवस्थेत पायांनी तुडवावी आणि हलका रोलर फिरवावा. मुठीत दाबल्यावर गोळा होतो पण तळहाताला चिकटत नाही, ती ओल योग्य समजावी. पुढचा थर टाकण्यापूर्वी खालच्या थराचा वरचा भाग दाताळ्याने खरवडलाच पाहिजे. ही पायरी ठेकेदार हमखास गाळतात, कारण ती गाळली हे वरून दिसत नाही. मग सगळे थर एकावर एक नुसते ठेवल्यासारखे राहतात आणि कितीही वाळवली तरी खेळपट्टी मेलेलीच राहते. एकदम आठ इंच माती ओतून कंप देणारा रस्त्याचा रोलर फिरवणारा माणूस दिसला तर काम तिथेच थांबवावे.

गवत हरळीचे. शेतकरी आयुष्यभर बांधावरून जी उपटत आला आणि गणपतीला दूर्वा म्हणून जी वाहिली जाते, तीच ही. रोपवाटिकांत सिलेक्शन वन या नावाने बारीक पानांची हरळी मिळते, ती चांगली. तयार गालिचा मात्र घेऊ नये. त्याच्या मुळांना रोपवाटिकेतील लाल, भुसभुशीत माती आणि खत चिकटलेले असते, म्हणजे जी दुसरी माती टाळण्यासाठी आपण धडपडतो ती आपणच सर्वांत वर अंथरतो. काड्या धुऊन, चार-पाच बोटांच्या अंतराने टोचून लावाव्यात. हरळीची मुळे खोल जातात, माती बांधून ठेवतात आणि मुख्य म्हणजे आतली ओल ओढून पानांवाटे बाहेर टाकतात. उन्हाने फक्त वरचा थर वाळतो, खालचा थर वाळवण्याचे काम मुळे करतात. म्हणून अगदी टक्कल केलेली खेळपट्टी वरून कोरडी आणि आतून ओली राहू शकते.

महिने असे ठरवावेत. दिवाळीनंतर मातीची निवड, परीक्षण आणि साठवण करावी. खोदाई आणि भराई फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी, म्हणजे प्रत्येक थर आपल्याला हवा तसा वाळवता येतो. एप्रिलमध्ये लावणी केली तर ऊन आणि पाणी दोन्ही मिळून हरळी झपाट्याने पसरते आणि जुलैच्या जोरदार पावसाआधी तिची पकड बसते. पावसाळाभर तिला वाढू द्यावे, फक्त कापणी चालू ठेवावी. परतीचा पाऊस संपल्यावर रोलरची खरी सुरुवात होते. पहिल्या हंगामात सराव आणि छोटे सामनेच घ्यावेत, महत्त्वाचे सामने दुसऱ्या हंगामापासून. महिन्याभरात मैदान देतो म्हणणारा ठेकेदार खेळपट्टी देत नाही, हिरवळ देतो.

काळीमाती

रोलरवाला यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे. माझा विषय मृदाशास्त्र असल्यामुळे तळाच्या थरांविषयी, ज्याचे उत्तर वर आलेले नाही, थोडे विस्ताराने लिहितो.

तळाशी विटा आणि खडी घातली की पाण्याचा निचरा होतो, ही समजूत सर्वत्र आहे आणि आपल्याकडील कित्येक जुन्या खेळपट्ट्या तशाच बांधलेल्या आहेत. परंतु घट्ट दाबलेल्या चिकणमातीतून पाणी अत्यंत संथपणे झिरपते आणि त्यातही बारीक छिद्रांच्या मातीखाली मोठ्या छिद्रांचा खडीचा थर आला की पाणी त्या सीमेवर थबकते. वरची माती जवळजवळ पूर्ण संपृक्त होईपर्यंत ते खाली उतरत नाही, कारण बारीक छिद्रे पाणी धरून ठेवतात आणि मोठी छिद्रे ते खेचून घेऊ शकत नाहीत. म्हणजे ज्या खडीसाठी तुमचा पहिला ठेकेदार तीन फूट खोदणार आहे, ती खेळपट्टीला वाळायला मदत करीत नाही. उलट चिकणमातीच्या तळाशी ओलीचा एक पट्टा धरून ठेवते. खेळपट्टीतील पाणी जाते ते तीन वाटांनी: पावसाचे पृष्ठभागावरून वाहून, उरलेले बाष्पीभवनाने आणि मुळांवाटे.

खडीचा थर एका परिस्थितीत उपयोगी ठरतो, तो म्हणजे खालून भूजल वर येत असेल तर. पिरंगुटकडे पावसाळ्यात काही जागी जमिनीखालचे पाणी अगदी वर येते. त्यामुळे आधी जुलै-ऑगस्टमध्ये मैदानाच्या मध्यभागी कंबरभर खड्डा घेऊन त्यात पाणी उभे राहते का, हे पाहावे. राहत असेल तर खडी खेळपट्टीखाली घालण्यापेक्षा तिन्ही खेळपट्ट्यांच्या बाहेरून, चारही बाजूंनी खोल चर घेऊन त्यात छिद्रांचा पाइप आणि खडी भरावी आणि ते पाणी मैदानाबाहेर काढावे. खेळपट्ट्यांखाली दाबलेला मुरूम पुरेसा आहे. त्यावर थेट शुद्ध चिकणमाती न टाकता थोडी हलकी काळी माती पातळ थरात देऊन, खरवडून, मग मुख्य माती भरली तर दोन थरांतील सीमा तीव्र राहत नाही आणि मुळे सहज खाली जातात. एकूण खोदाई ४० ते ४५ सेंटिमीटरपेक्षा अधिक करण्याचे मला कारण दिसत नाही, तेव्हा खोलीपुरता दुसरा ठेकेदार बरोबर आहे. पृष्ठभाग भोवतालच्या मैदानापेक्षा किंचित उंच असावा. लांबीच्या दिशेने तो सपाट आणि आडव्या दिशेने डोळ्याला जाणवणार नाही इतका उतरता ठेवावा.

दख्खनच्या बेसाल्टपासून तयार झालेल्या आपल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातील खनिजे अधिक असतात. ती पाणी घेऊन फुगतात आणि वाळताना आकसतात, म्हणून भेगा पडतात. भेगांना घाबरण्याचे कारण नाही. भेगांमधले तुकडे मोठे आणि जागच्या जागी घट्ट असतील तर चेंडू व्यवस्थित येतो. अंगठ्याने दाबल्यावर तुकडा हलत असेल, तर मात्र खालचा थर वरच्याशी जुळलेला नाही असे समजावे. लाल मातीत केओलिनाइट गटातील खनिजे अधिक असतात, ती फारशी फुगत नाहीत आणि त्यामुळेच खेळपट्टीतील झीज स्वतःहून भरून येत नाही. काळी माती प्रत्येक भिजण्या-वाळण्याच्या फेऱ्यात काही प्रमाणात स्वतःची घडी पुन्हा बसवते. एकाच माळ्याच्या भरवशावर चालणाऱ्या मैदानासाठी हा गुण मोठा आहे.

शेतकऱ्यांसाठीच्या नेहमीच्या माती परीक्षणात सामू, क्षारता आणि अन्नद्रव्ये कळतात, कणांचे प्रमाण कळत नाही. म्हणून नमुना देताना कणरचनेची चाचणी वेगळी सांगून मागावी, किंवा स्थापत्य अभियांत्रिकीच्या एखाद्या प्रयोगशाळेत हायड्रोमीटर चाचणी करून घ्यावी. सेंद्रिय पदार्थ जितका कमी तितके बरे. त्याच वेळी बोअरचे पाणीही तपासून घ्या. पाण्यात सोडियम जास्त असेल तर चिकणकण एकमेकांपासून सुटतात, पृष्ठभागावर गुळगुळीत कवच धरते आणि पाणी आत शिरत नाही. तसे आढळल्यास जिप्सम द्यावे लागते.

तिसरा_पंच

बांधणीविषयी मला अधिकार नाही. स्थानिक सामन्यांत पंच म्हणून उभे राहताना जे दिसते तेवढे लिहितो.

खेळपट्ट्यांची दिशा उत्तर-दक्षिण ठेवा. सिमेंटची विकेट ज्या दिशेने आहे तीच दिशा सोयीची म्हणून तशीच पुढे चालवली जाते आणि मग हिवाळ्यात दुपारी चार वाजता फलंदाजाच्या डोळ्यांवर सूर्य येतो. ही चूक नंतर सुधारता येत नाही.

दुसरे, सामन्यातील रोलरविषयी पालक आणि प्रशिक्षक यांच्या कल्पना अवास्तव असतात. नियमाप्रमाणे पहिला डाव सोडून प्रत्येक डावापूर्वी आणि पुढच्या प्रत्येक दिवसाचा खेळ सुरू होण्यापूर्वी, फलंदाजी करणाऱ्या संघाच्या कर्णधाराच्या विनंतीवरून जास्तीत जास्त ७ मिनिटे रोलर फिरवता येतो. तेवढ्या वेळात वरचा पापुद्रा फार तर बसतो. खेळपट्टीचे गुणदोष त्याआधीच्या दोन आठवड्यांत ठरून गेलेले असतात.

पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमचे उदाहरण पाहा. फेब्रुवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी तीन दिवसांत संपली. भारताचे डाव १०५ आणि १०७ धावांत आटोपले, स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ अशी सारखीच कामगिरी केली आणि आयसीसीने ती खेळपट्टी निकृष्ट ठरवली. त्याच मैदानावर ऑक्टोबर २०१९ मध्ये विराट कोहलीने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २५४ धावा काढल्या आणि भारताने ५ बाद ६०१ वर डाव घोषित केला. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने १३ बळी घेतले आणि भारत ११३ धावांनी हरला. मैदान तेच, तरी तीन वेगवेगळे खेळ पाहायला मिळाले. तेव्हा लाल की काळी या प्रश्नावर समितीने सगळा वेळ घालवू नये. पाणी कधी बंद केले आणि गवत किती ठेवले, हे तितकेच महत्त्वाचे असते.

आणखी एक विनंती. सामन्याच्या खेळपट्टीवर रोजचा सराव घेऊ देऊ नका. एका सामन्यानंतर पावलांचे खड्डे भरून, भिजवून, गवत सावरून तीच खेळपट्टी पुन्हा उभी राहायला दोन-तीन आठवडे तरी जातात. तीन खेळपट्ट्या म्हणजे दर आठवड्याला एक सामना, हा हिशेब कागदावर ठीक दिसतो. परीक्षांच्या आधीच्या गर्दीत तो कोलमडतो. माझ्या मते दोन खेळपट्ट्या सामन्यांसाठी मध्यभागी कराव्यात आणि तिसरीचा पैसा कडेला सरावाच्या जाळ्यांमध्ये घालावा.

घोटावडे_फाटा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. समितीच्या बैठकीत हा धागा छापून नेत आहे. खडीविषयीचे स्पष्टीकरण वाचून पहिले अंदाजपत्रक आम्ही बहुधा परत पाठवू. दोन शंका उरल्या आहेत. मे महिन्यात पिण्यासाठी टँकर मागवावा लागत असताना गवताला पाणी घालणे गावात कोणालाही रुचणार नाही. तेव्हा खेळपट्ट्यांना प्रत्यक्षात पाणी किती लागते? आणि रोलर किती वजनाचा घ्यावा? जुन्या बाजारात अडीच टनांचा एक डिझेल रोलर स्वस्तात मिळत आहे.

हडपसर_नेट्स

पाण्याचा हिशेब मांडून पाहा, चित्र लगेच स्पष्ट होते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एक खेळपट्टी सुमारे ७३ चौरस मीटरची आहे. सामन्याची तयारी सुरू करताना तिला २५ मिलिमीटरची खोल भिजवणी दिली तर जेमतेम १,८०० लिटर लागतात, म्हणजे दहा हजार लिटरच्या एका टँकरमध्ये तिन्ही खेळपट्ट्या भिजून निम्म्याच्या जवळपास पाणी उरते. पाणी खाते ते बाहेरचे मैदान. ५० मीटर त्रिज्येच्या मैदानाला रोज ५ मिलिमीटर द्यायचे म्हटले तर ३९ हजार लिटर, म्हणजे दररोज चार टँकर होतात. म्हणून उन्हाळ्यात बाहेरचे मैदान सरळ वाळू द्यावे. हरळी मरत नाही, पिवळी पडून झोपते आणि पहिल्या पावसात परत उठते.

गावाच्या भावनेचा मुद्दा मात्र हलका समजू नका. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे ३० एप्रिलनंतरचे जवळजवळ सगळे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवावे लागले होते, ते मैदानांच्या पाण्यावरूनच. तुमच्या संस्थेचे वसतिगृह असेल तर तिथले प्रक्रिया केलेले सांडपाणी बाहेरच्या मैदानाला वापरता येईल. खेळपट्ट्यांवर ते घालण्यापूर्वी त्यातील क्षार तपासून घ्यावेत, हे वर काळीमाती यांनी सांगितलेच आहे. एप्रिलची लावणी पाण्यामुळे जमत नसेल तर ती मेच्या शेवटच्या आठवड्यात करावी. गवत उशिरा बसेल, पण पावसाचे पाणी फुकट मिळेल. काड्या वाहून जाऊ नयेत म्हणून पहिल्या पावसात वरून गोणपाट अंथरावे.

अडीच टनांचा रोलर घेऊ नका. शाळेच्या मैदानावर एक टनाच्या आसपासचा आणि त्याच्या जोडीला हाताने ओढायचा पाव टनाचा, एवढे पुरते. फार जड रोलर ओल्या मातीवर नेला की त्याच्यापुढे मातीची लाट उठते आणि जो पृष्ठभाग सपाट करायचा तोच पन्हाळीसारखा होतो. शिवाय त्याला वळवताना कडेच्या खेळपट्टीचे गवत सोलून निघते. वजनाइतकाच वेग महत्त्वाचा आहे. रमतगमत चालणाऱ्या माणसापेक्षा रोलर वेगाने जाता कामा नये.

रोलरवाला

रोलरविषयी वर लिहिले आहे ते योग्य आहे. हंगामाच्या सुरुवातीला, ऑक्टोबरमध्ये, लांबीबरोबरच आडवे आणि तिरपेही फिरवावे, म्हणजे उंचसखलपणा एकाच दिशेने साचत नाही. सामन्याच्या तयारीत मात्र लांबीच्याच दिशेने फिरवावे. एकट्या माळ्याला जमेल असा क्रम खाली देतो. तो त्याच्याशी बसून ठरवावा, कारण मातीचा हात त्याला आपल्यापेक्षा लवकर कळेल.

सामन्याच्या साधारण दहा दिवस आधी संध्याकाळी खोल भिजवणी करावी. पाणी एकदम न सोडता थांबून थांबून द्यावे, म्हणजे ते वाहून न जाता आत मुरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगठा दाबल्यावर ठसा उठतो पण माती चिकटत नाही, अशी अवस्था आली की हलका रोलर सुरू करावा. त्याआधी केलेले रोलिंग नुकसान करते. पुढील दिवसांत सकाळी दव असताना मोठा रोलर फिरवावा आणि गवत एकदम न उतरवता टप्प्याटप्प्याने १५ मिलिमीटरवरून ६ ते ८ मिलिमीटरपर्यंत आणावे. एकाच दिवशी खरडले तर हरळीचा दम जातो, मुळे ओल ओढेनाशी होतात आणि खालचा थर ओला राहतो. शेवटची हलकी फवारणी सामन्याच्या तीन दिवस आधी द्यावी. त्यानंतर फक्त रोलर, झाडू आणि चुना. माती इतकी घट्ट झाली की रोलरखाली काहीच हलत नाही, तेव्हा रोलर थांबवावा. त्यापुढचे फिरवणे डिझेल जाळण्यापुरते उरते.

मार्च-एप्रिलमधील कोरड्या वाऱ्यात हा क्रम बदलतो. वरचा थर दोन दिवसांत कडक होतो आणि आत ओल कायम राहते. अशा वेळी दुपारी बारा ते चार ओले गोणपाट अंथरून वाळण्याचा वेग कमी करावा. डिसेंबर-जानेवारीत उलट अडचण येते. थंडीत हरळीची वाढ जवळजवळ थांबते, त्यामुळे ती ओल ओढत नाही आणि झालेली झीज भरून काढत नाही. त्या दोन महिन्यांत भिजवणी आणि सामना यांच्यातले अंतर दोन-चार दिवसांनी वाढवावे आणि एकाच खेळपट्टीवर लागोपाठ सामने टाळावेत.

आतली ओल पाहण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. क्रीजच्या मागे, जिथे चेंडू पडत नाही तिथे, बोटभर जाडीची पोलादी नळी ठोकून मातीचा नमुना काढावा आणि तो मोडून पाहावा. वरपासून खालपर्यंत एकाच रंगाचा आणि एकसंध निघाला तर काम बरोबर चालले आहे. मध्येच आडवा तुटला तर तिथे थर सुटलेला आहे. उसळी मोजायची असल्यास जुन्या पद्धतीप्रमाणे १६ फूट उंचीवरून चेंडू सोडून तो किती वर येतो, हे दर सामन्याआधी वहीत लिहून ठेवावे. आपल्याच खेळपट्टीच्या आधीच्या नोंदींशी तुलना करण्यापुरता तो आकडा फार उपयोगी पडतो.

हंगाम संपल्यावर, पाण्याची सोय पाहून मे महिन्यात, साठवलेली माती चाळून घ्यावी. मेलेले गवत आणि त्याचा वाळका थर दाताळ्याने पूर्ण ओढून काढावा, पावलांचे खड्डे कडा उभ्या कापून, भिजवून, थराथराने ठोकून भरावेत आणि सगळीकडे तीन ते पाच मिलिमीटरपेक्षा जाड नाही असा थर द्यावा. पहिल्या पावसानंतर हुमणीवर लक्ष ठेवा. गवताचा एखादा भाग अचानक पिवळा पडून हाताने सहज सोलला जाऊ लागला, तर खाली अळ्या मुळे खात आहेत असे समजून त्याच दिवशी खणून पाहावे.

सिमेंटची विकेट मात्र उखडू नका. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुले तिच्यावरच खेळतात आणि तेवढे चार महिने हरळीला मोकळे मिळतात.